अकरा घरं, एक भोपळ्याचा केक

३ सप्टेंबर, बुधवार
जपानमधल्या या हिनोसाकीत येऊन दोन आठवडे झाले. सामानाची खोकी अजून उघडायची आहेत, पण योजना तयार. नाताळापर्यंत या गल्लीत ख्रिस्ती मंडळी उभी करायची. दर रविवारी किमान दहा माणसं, आमच्या बैठकीच्या खोलीत. २१ डिसेंबरला ब्रदर लोवेल नेब्रास्काहून पाहणीला येणार. दहा नसली तर मिशन आम्हाला परत बोलावणार. परत म्हणजे सासऱ्यांच्या टायरच्या दुकानात. निघताना सासरे म्हणालेच होते, की जावईबापू, निश्चिंत जा, तुमची खुर्ची मी पुसून ठेवतो.

टॅबिथाला हे सांगितलं. ती बारा वर्षांची आहे. म्हणाली, मी नाही जाणार, मला इथे मैत्रीण मिळालीय, आणि ही आपली चौथी जागा आहे, डॅड. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, बाळा, दहा म्हणजे काय मोठं? गल्लीत अकरा तर घरंच आहेत.

बायको, रोंडा, जपानीच्या क्लासला जाते. मी माझं नाव काढून घेतलं. प्रेमाची भाषा सगळ्यांना कळते. शिवाय शिक्षिका माझ्या उच्चारांना हसते.

७ सप्टेंबर, रविवार
पहिली उपासना. खुर्च्या वीस. हजर: रोंडा, टॅबिथा. प्रवचन पाऊण तास, फार रंगलं. टॅबिथा म्हणाली, हेच तू ओमाहाला दिलं होतंस. म्हटलं, तिथे वाया गेलं होतं.

९ सप्टेंबर
सकाळी दाढी करताना सुचलं. आईचा भोपळ्याचा केक! प्रत्येक घरी एक, आपल्याच ताटलीत, सोबत सुवार्तेची पत्रिका. दिवसभर आम्ही केक भाजले. म्हणजे रोंडाने भाजले, मी ओव्हनपाशी प्रार्थना केली. ओव्हन लहान, एका वेळी एकच केक मावतो, त्यामुळे प्रार्थना भरपूर झाली.

संध्याकाळी वाटप. सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतला. सगळे कमरेत वाकले. अशी भुकेली जमीन मी पाहिली नाही.

१० सप्टेंबर
चमत्कार. शेजारच्या कुवाबाराबाई सकाळीच दारात. सत्तरी कधीच ओलांडलेली, पाठीत वाकलेल्या, नजर मात्र सरळ. ताटली धुऊन पुसून आणलेली आणि तीत नाशपती. दुपारपर्यंत अकराच्या अकरा ताटल्या परत, एकही रिकामी नाही. गल्लीचे प्रमुख कागेयामाआजोबा (रिटायर्ड पोस्टमन) यांच्याकडून सुका मासा. काल पेरलं आणि आज कणीस!

रोंडा म्हणाली, अरे, क्लासमध्ये सांगितलंय, इथे भांडं रिकामं परत करत नाहीत, रीत असते ती. मी म्हटलं, रोंडा, तुझा विश्वास इथेच कमी पडतो. जेवणात मासा. पत्रिका एकानेही परत केली नाही, हे विशेष.

मिशनला कळवलं: अकरा घरांत हालचाल.

१४ सप्टेंबर, रविवार
हजर: रोंडा, टॅबिथा. लाजतात बिचारे. दुसरी फेरी काढली पाहिजे. मोठे केक, वर अक्रोड.

१८ सप्टेंबर
दुसरी फेरी. परतफेडीत टॉवेलचे संच, तांदळाची पिशवी, लोणच्याची बरणी. भूक वाढते आहे.

आज गल्लीतल्या कचऱ्याची पाळी आमची होती. कचऱ्याच्या पिशव्यांवर कावळ्यांसाठी जाळी टाकायची, गाडी गेली की जागा धुवायची. कागेयामाआजोबा मलाच सांगायला आले होते. मी म्हटलं, आजोबा, माझ्यावर मोठी जबाबदारी आहे. रोंडा गेली. तासाभराने आली. म्हणे कुवाबाराबाईंनी जाळीची गाठ शिकवली, मग गप्पा निघाल्या. ही वेळ अशी घालवते आणि मग म्हणते, केक भाजून हात दुखले.

५ ऑक्टोबर, रविवार
हजर: रोंडा. टॅबिथाला ताप. तापही नेमका रविवारीच येतो.

संकल्प: १) रोज पहाटे पाचला प्रार्थना. २) रोज दहा जपानी शब्द. ३) चिडायचं नाही.

६ ऑक्टोबर
उठायला साडेसात झाले. शब्द दोन. घड्याळावर चिडलो, माणसावर नाही, तेव्हा तिसरा संकल्प शाबूत.

११ ऑक्टोबर
तिसरी फेरी. आता केकसोबत जॅमची बाटली. कुवाबाराबाईंच्या खिडकीत दिवा होता, मी फाटकाशी पोचताच विझला. संध्याकाळचे साडेपाच. लवकर झोपतात, म्हणजे पहाटे प्रार्थनेला उठत असणार. केक उंबऱ्यावर ठेवला.

१३ ऑक्टोबर
कुवाबाराबाईंकडून खरबूज! लाकडी पेटीत, कागदाच्या गवतावर, राजपुत्रासारखं बसलेलं. मी रोंडाला म्हटलं, ही बाई बाप्तिस्म्याच्या दारात उभी आहे. रोंडा पेटीकडे बघत बसली. म्हणाली, वॉरन, हे थांबव. असलं महागडं खरबूज ही माणसं घरी खायला नाही आणत, बाबा. मी म्हटलं, मग? बघ म्हणजे किती प्रेम.

खरबूज उत्तम होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार
दुःखाचा दिवस. सकाळी भोंगा वाजला आणि सगळी गल्ली फावडी, विळे घेऊन बाहेर. वर्षातून दोनदा गटार साफ करतात म्हणे. रविवारी! मी रोंडाला म्हटलं, दहाला उपासना आहे. ती रबरी बूट घालत म्हणाली, लोक सगळे गटारात आहेत, तू प्रवचन कुणाला देणार? आणि टॅबिथाला घेऊन गेली. माझ्याच घरात हा कोमटपणा.

मी खुर्च्यांसमोर उभा राहिलो आणि सुरुवात केली. अर्ध्यावर आलो तर स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज, हसणं, बायकांचा कलकलाट. जाऊन पाहतो तर रोंडा आणि सात-आठ म्हाताऱ्या, पायांना चिखल, चहा पिताहेत! मी नम्रपणे सांगितलं, की आत उपासना चालू आहे, जरा हळू बोला. सगळ्या वाकल्या. मी दार ओढून घेतलं आणि प्रवचन पूर्ण केलं. विषय: शेजाऱ्याला दार उघडा.

२ नोव्हेंबर, रविवार
हजर: कोणी नाही. रोंडा गटाराच्या दिवसापासून रविवारी स्वयंपाकघरातच असते. म्हाताऱ्या येतात. ती त्यांना जपानी शुभवर्तमान अडखळत वाचून दाखवते आणि त्या तिचे उच्चार सुधारतात. भाषेचा सराव चांगला आहे, पण वेळ चुकीची. आज घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट वाचत होती. कुवाबाराबाई जोरात विचारत होत्या (अर्थ रोंडाने नंतर सांगितला), मग बापाने त्याला घरात घेतलं की नाही, ते आधी सांग. माझा मुद्दाच विसरलो.

मिशनला कळवलं: रविवारी स्वयंपाकघरातल्या गोंगाटाने उपासनेत अडथळा येतो, प्रार्थना करावी.

९ नोव्हेंबर, रविवार
आता त्या गातात. सूर बरा आहे. दाराच्या फटीत टॉवेल घातला (दुसऱ्या फेरीतला, जाड आहे).

२२ नोव्हेंबर, शनिवार
आला तो क्षण! कागेयामाआजोबा काळा कोट घालून आले. तासभर बसले. हवेबद्दल बोलले. गुडघ्यांबद्दल बोलले. कुवाबाराबाईंच्या गुडघ्यांबद्दल. तालुक्याच्या बाजाराला जाणाऱ्या बसबद्दल, ती बदलून घ्यावी लागते याबद्दल. आपण सगळे किती म्हातारे झालो याबद्दल. रोंडा थोडंथोडं मला सांगत होती आणि तिचा चेहरा लाल होत चालला होता. मी ओळखलं. म्हातारपण, मरण, पुढे काय? माणूस असाच कडेकडेने येतो. मी उठून बाथरूममधल्या टबात पाणी सोडलं.

परत आलो तर आजोबा गेलेले.

रोंडा म्हणाली, वॉरन, बस. ते बाप्तिस्म्याला नव्हते आले. हात जोडायला आले होते. आता ताटल्या नका आणू, एवढंच. गल्लीने मीटिंग घेतली म्हणे. तुझी ताटली आली की प्रत्येकाला काहीतरी परत करावंच लागतं, आणि तू त्याहून मोठी ताटली घेऊन पुन्हा हजर. कुवाबाराबाई त्या खरबुजासाठी दोन बस बदलून गेल्या, तसल्या गुडघ्यांनी. तुला फाटकाशी पाहिलं की लोक दिवे घालवतात रे.

मी म्हटलं, आजोबा असं एक अक्षर बोलले नाहीत. ती म्हणाली, एवढंच तर बोलत होते.

टबातलं पाणी वाया जाऊ नये म्हणून आंघोळ केली. बराच वेळ बसलो. लाज वाटली. खरी वाटली.

२४ नोव्हेंबर
लाज ओसरली. विचार केला तर चूक रोंडाची. तिने अधिक ठामपणे सांगायला हवं होतं. आणि त्यांनीही. तरीही मन मोठं करून प्रत्येक घरी जाऊन माफी मागायची, असं ठरवलं.

२५ नोव्हेंबर
माफी मागायला रिकाम्या हाताने कसं जायचं? रोंडा क्लास आणि बाजारासाठी दिवसभर बाहेर होती, तेव्हा स्वतः केक केले. पहिले दोन करपले, पण भावना होती. नऊ केक ट्रेमध्ये घेऊन निघालो, तर रोंडा फाटकातच. तिने ट्रेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. ट्रे काढून घेतला आणि आत गेली. रात्री केक. नाश्त्याला केक.

१४ डिसेंबर, रविवार
हजर: कोणी नाही. पुढच्या रविवारी लोवेल. टॅबिथाने विचारलं, डॅड, शाळेत सांगू का, की मी जाणार आहे? मी म्हटलं, प्रभूवर विश्वास ठेव. ती म्हणाली, तो आहे रे, दहा माणसांचं विचारतेय. तिने मैत्रिणीला द्यायला एक राखाडी मफलर विणायला घेतलाय. अर्धा झालाय.

२१ डिसेंबर, रविवार
लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

दहा वाजता बैठकीच्या खोलीत मी, वीस खुर्च्या आणि ब्रदर लोवेल. लोवेल पहिल्या रांगेत, मांडीवर टोपी. सव्वादहा. मी म्हटलं, इथे लोक जरा उशिरा येतात. (या देशात कुणी कधी उशिरा येत नाही. लोवेललाही ते माहीत आहे.) साडेदहा. मी प्रवचन सुरू केलं. तेवढ्यात आतून गाणं. मी म्हटलं, माफ करा, हाच तो गोंगाट, मी कळवलेला. लोवेल म्हणाले, बघून येतो. ते आलेच नाहीत.

मी वाट पाहिली. मग दारातला टॉवेल काढून आत पाहिलं. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या सगळ्या बायका जमिनीवर. कागेयामाआजोबा स्टोव्हपाशी संत्री सोलताहेत. टॅबिथा आणि तिची मैत्रीण ओट्यावर बसलेल्या. रोंडा वाचत होती, गोठ्यातल्या जन्माचं. एका शब्दाला अडली, तर पाचसहा जणींनी एकदम तो शब्द सांगितला. लोवेल कुवाबाराबाईंच्या शेजारी मांडी घालून, हातात संत्र्याची फोड, डोळे पुसताहेत.

मला आत शिरायला जागा नव्हती, म्हणून दारातच उभा राहिलो.

जाताना लोवेल म्हणाले, तुम्ही राहा. टॅबिथाने मला मिठी मारली. मग रोंडाला मारली, ती जास्त वेळ. लोवेल बूट घालताना म्हणाले, वॉरन, हा गोंगाट कळवल्याबद्दल आभार. आणि रविवारी तू नक्की काय करतोस? मी म्हटलं, खुर्च्या मांडतो.

२८ डिसेंबर, रविवार
नवीन संकल्प: रोंडाला मदत. सकाळी वीस खुर्च्या स्वयंपाकघरात नेल्या. मावत नाहीत. परत आणल्या. चहा मी केला. कुवाबाराबाईंनी एक घोट घेतला आणि किटली रोंडाकडे सरकवली.

कचऱ्याची पाळी होती, तीही मीच घेतली. जाळी बांधली.

दुपारी कुवाबाराबाई दारात. हातात आमची ताटली, रोंडाने परवा त्यांना भाजी दिली होती ती. मी वाकायच्या तयारीत. ताटली रिकामी. धुतलेली, पुसलेली आणि रिकामी! वर मलाच, लहान पोराला सांगावं तसं सावकाश, हातवारे करत सांगितलं, की गाठ चुकली, कावळ्यांनी रस्ताभर घाण केलीय, जा, झाडून ये. वाकल्यासुद्धा नाहीत.

आत जाऊन रोंडाला म्हटलं, बघ, सुकलं तुझं रोपटं, रिकामी पाठवलीन्. रोंडाने ताटली हातात घेतली. उलटसुलट पाहिली. मग खुर्चीत बसून रडायलाच लागली, हसत. म्हणाली, अरे वेड्या, परतफेड परक्यांची करतात.

आपला झाडू कुठे असतो, ते टॅबिथाला विचारावं लागलं. झाडून आलो. कुवाबाराबाई खिडकीतून बघत होत्या. दिवा चालू होता.