दाराखालची फट

४ जून

ती. ताईस सा. न.

शेवटची फळी बसवली, वर वजनं ठेवली, हात पुसले आणि वाकून दार ओढलं. उघडेना. दार आत उघडतं आणि नव्या लाकडी जमिनीनं त्याच्याखालची फट खाऊन टाकली आहे. धूळ घरभर नको म्हणून मीच ते आधी लावून घेतलं होतं.

आत मी आणि बाबा. ते फरशीवरून घसरले तेव्हा मी त्यांना शेजाऱ्यांसमोर टाकून बोललो, तेव्हापासून आमचं बोलणं बंद, हे तुला माहीत आहेच. त्यांचा पाय घट्ट राहावा म्हणून लाकूड घालायला घेतलं, तर ते उद्या पहाटेच्या गाडीनं कायमचे तुझ्याकडे निघालेत. आता दाराजवळच्या ताज्या गोंदावर सकाळपर्यंत पाऊल टाकायचं नाही. गाडी चुकणार. बाबांना अजून सांगितलेलं नाही, कसं सांगणार?

न्हाणीघर खोलीतच आहे म्हणून अब्रू वाचली. जेवण हिनं खिडकीच्या गजांतून दिलं. पत्रही तिथूनच जाईल.

आहे तो लोभ राहू दे,
बाळ्या

९ जून

चि. बाळ्यास अ. आ.

स्टेशनवर दोन गाड्या पाहून परत आले. नंतर तुझं पत्र. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा तू, आणि दार विसरलास? आजोबांसाठी रिकाम्या केलेल्या खोलीत मुलं आता चेंडू खेळतात. खरं काय ते कळव. मुद्दाम केलं असशील तर रागावणार नाही. नसेल केलं तर रागावेन.

माया आहे तशीच आहे,
ताई

१३ जून

चि. ठकीस अ. उ. आ.

तुझं पत्र बाळ्यानं माझ्या खाटेवर ठेवलं आणि निघून गेला. उत्तर मी द्यावं, असं दिसतं.

त्यानं मुद्दाम केलं नाही. तेवढा तो धोरणी नाही. गोंद लावण्याआधी एक फळी त्यानं दाराशी मांडून पाहिली, तेव्हाच दार अडणार हे मला दिसलं होतं. पण आमचं बोलणं बंद. शिवाय काम चांगलं चाललं होतं, सांधे घट्ट बसत होते. मधेच कशाला मोडता घालायचा?

अनवाणी चालायला बरं वाटतं. मुलांना त्या खोलीत खेळू दे.

तुझा लोभ इथवर पोचतो, तो आटू देऊ नकोस.

बाबा

ता. क. अडकलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ्यानं बिजागऱ्या सोडवल्या आणि मला दार धरायला सांगितलं. मी धरलं. खालची कड जपून काप, असं त्याला म्हणालो. दार निघालं. मी बाहेर जाऊन दूध घेऊन आलो.