वरचा वारा

५ ऑक्टोबर
आले एकदाची! सामार बेटाच्या पूर्व टोकाला, टेकडीवरच्या हवामान ठाण्यात. समोर अख्खा पॅसिफिक. स्वयंपाकाच्या माना इब्यांगनं, माना म्हणजे ताई, नारळाच्या दुधातला मासा वाढला, आणि नुसती हाडं दिसतात पोरीची म्हणत पुन्हा वाढला. ठाण्याचे प्रमुख तेओपिस्तो सर. गाव त्यांना इतकं मानतं की ते होडी काढतात तेव्हा कोळी ठाण्याच्या वादळाच्या बावट्याकडेही बघत नाहीत. सर निघाले म्हणजे हवा बरी.

माझं आडनाव लग्नाचं, म्हणून त्यांना ओळख पटली नाही. तीन वर्षांपूर्वी जत्रेच्या दिवशी हे सर माडी पिऊन लोळले, लाल बावटा चढवला नाही, आणि माझा मोठा भाऊ, माझा मानो एलाद्यो, होडीसकट बुडाला. ही बदली मी मागून घेतलीय. ह्यांचं वाटोळं बघितल्याशिवाय हलणार नाही.

९ ऑक्टोबर
सकाळी हवा मोजायचा फुगा सोडताना शीळ घातली, मानो होडीत घालायचा तशी. माना इब्यांग झाडू घेऊनच धावली. म्हणे, शीळ घालून वारा बोलावतात गं बाई, आणि तो काय तुझ्या बापाचा गडी आहे, जा म्हटल्यावर जायला? मला हसू आलं. तेवढ्यात समुद्रावरून तीच शीळ परत आली. एकही होडी नव्हती.

१२ ऑक्टोबर
समुद्र तापलाय. पश्चिमेकडून ढगांची एक प्रचंड लाट अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आमच्यावर आलीय, हवा पार वरपर्यंत ओली. दोन दिशांचे वारे एकमेकांना घासून गिरकी घेताहेत. आडवा येतोय तो फक्त वरचा वारा. ढग उंच झाले की त्यांची मुंडकी उडवतो. सर म्हणाले, हा आहे तोवर वादळ उभं राहत नाही, झोपा निवांत.

संध्याकाळी कड्यावर जाऊन शीळ घातली. मानोला सांगितलं, तेवढा हा वारा पाड. रविवारी सर मासे धरायला जाणार आहेत.

१४ ऑक्टोबर
फुग्याच्या यंत्रानं बारा हजार मीटरवरून कळवलं: वारा नाही. अजिबात नाही. तापमान एकोणतीस. तिथं उणे पन्नास असतं! एकोणतीस तर आपल्या समुद्राचं आहे.
मानो, तू वर पोचलास.

१५, शनिवार
गिरकी घट्ट होतेय. आकडे माझ्याकडेच. सरांनी विचारलं, मी म्हटलं, वरचा वारा जोरात आहे, खुशाल जा. तुला मोठा मासा आणतो म्हणाले. बावटा पेटीतच.

१६, रविवार
सर निघाले. आणि त्यांच्यामागे — अरे देवा — सगळ्याच होड्या. माना इब्यांगचा नवराही. हे होणार ते मला ठाऊक होतं, पाच तारखेला मीच लिहिलंय. बावटा हातात घेतला. पण चढवला तर सरही वळतील —
नाही चढवला.

दुपारी
ठाण्याचं छप्पर उडालं. सर परत आले. एकटेच. लाटा बघून वळले, बाकीचे फार पुढे होते म्हणे.

संध्याकाळ
माना इब्यांग अजून किनाऱ्यावर. शीळ — एकाची नाही, खूप जणांची —
बावटा चढवायला गेले. दोरी ओली, तिला मानो होडीला मारायचा ती गाठ. म्हटलं, मानो, तुझ्यासाठीच केलं रे —
जिन्यात पाणी. पावलं. सरांच्या दारावरून पुढे आली. थांबली नाहीत.
माझ्या दारात. मानोच आहे. विचारतोय, ह्या वेळी बावटा कुणी नाही —