गालावरून फिरवलेला कापूस

भाऊजी,

तुमच्या धाकट्या भावाच्या बायकोचा नमस्कार. आज माझे पाय ठरत नाहीत, दूध उतू गेलं, चष्मा सापडेना, तो डोक्यावरच होता. ज्यू घराण्यांचं मूळ शोधणाऱ्या संशोधनवाल्या बाईंनी आपल्या नातवाच्या गालाच्या आतून कापूस फिरवून नेला होता. आज म्हणाल्या, "आजी, ज्यू पुरोहितांच्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे येणारी खूण याच्यात आहे हो!"

पुरोहितानं घटस्फोटितेशी लग्न करायचं नाही, हा नियम; मी घटस्फोटित, माझ्याशी लग्न केलं म्हणून सिनेगॉगमध्ये तुम्ही ह्यांना पुरोहितांसारखे आशीर्वादाचे हात उचलू दिले नाहीत, मग मुलालाही नाही. "पुरोहितपण बुडवलंस," म्हणालात आणि येणंजाणं तोडलंत. बुडालेलं असं वर येतं होय?

नातू म्हणतो, "आजी, खुणेनं नियम बदलत नाही. मला हात उचलायचेच नाहीत. मोठ्या आजोबांनी माझ्या डोक्यावर ठेवले तरी पुरे." हट्टी मेला, अगदी तुमच्यावर गेलाय!

हे पत्र मी टाकत नाही, तुम्ही ते न फोडताच ठेवून द्याल. त्यापेक्षा त्यालाच घेऊन येते. नाक तुमचंच आहे त्याचं. दार उघडा आणि त्या नाकाला नाही म्हणून दाखवा.

चपला घातल्यात,
तुमची नावडती भावजय