घोंगडीवरची मोकळी जागा

मेढा, खंडेनवमी, १९४७

आज आबांनी घोंगडीवर पूजा मांडली. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, खुरपी, थोरल्या भावाचा पलटणीतला पट्टा. मधे हातभर जागा मोकळी ठेवली आणि मला म्हणाले, "तुझ्या त्या काठ्या आण रं."

इतकी वर्षं महाबळेश्वरी गोल्फ खेळलो, साहेबांना शिकवलं, चषक जिंकले. आबांच्या लेखी ती साहेबांची थेरं. पूजेला कधी मागितल्या नाहीत काठ्या. मग आजच का? साहेब गेले, माझं काम सुटलं, तेव्हा काठ्यांची लोखंडी तोंडं मीच लोहाराला देऊन टाकली.

"आवं आबा, त्यांचीच ही खुरपी केली."

ती मोकळी जागा तशीच. मग आबांनी एक खुरपं उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, त्या जागी ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं.

"ह्यानं चेंडू लय लांब जायचा म्हनं?"

"व्हय."

"एकदा बघाया यायला हवं व्हतं मी."

दसरा झाला की त्याच खुरप्यानं शेतातलं तण भांगलायला बसायचं आहे, आबांच्या शेजारी.