हिरव्या कोटातली संशयित

२ जानेवारी, मंगळवार. सकाळी ८.
वही माझ्या बायकोची, नोरीनची आहे. पुढची सात पानं तिच्या केक-ब्रेडच्या कृतींची, ती फाडणार नाही. मी मागून सुरुवात करतोय.
नवीन वर्षाचा संकल्प एकच. मार्चच्या सभेत आमचं पोलीस ठाणं एका दक्ष रहिवाशाला लाकडी पाटी देतं, पितळी अक्षरांत नाव कोरलेली. या वर्षी त्या पाटीवर अँब्रोज कीगन हे नाव पाहिजे. जागा ठरलेली आहे, नोरीनचा फोटो आणि घड्याळ यांच्या मधली. खिळा आत्ताच ठोकला. पहिला घाव अंगठ्यावर.

४ जानेवारी, गुरुवार. दुपारी ४.
ऑफिसर मातोस येऊन गेली. डिसेंबरपासून दर गुरुवारी येते. ठाण्याने आमच्या चार रस्त्यांसाठी तिला नेमलंय, पण बसते फक्त माझ्याकडे. अनुभवाची किंमत कळते एकेकाला. एकतीस वर्षं मी या शहराच्या लिफ्ट तपासल्या. माझ्या लिफ्टमधून एकही माणूस पडला नाही. (चौऱ्याण्णव साली जो होता तो पडला नव्हता, अडकला होता.)
मातोसची माहिती काढण्याची पद्धत मुरलेली आहे. सरळ गुन्ह्याचं विचारत नाही. आज काय जेवलात, ब्लडप्रेशरची गोळी घेतली का, मुलीचा फोन आला का, असं गप्पांतून खेळवत आणते. आज फ्रिज उघडून पाहिला. म्हणाली, अहो कीगनसाहेब, यात मोहरीच्या बाटलीशिवाय काहीच नाही हो! मी म्हटलं, निरीक्षण चांगलं आहे तुझं, पुढे जाशील.
रोज सकाळी नवाच्या आत पुढच्या खिडकीचा पडदा वर करायचा, असं तिने मागच्या महिन्यातच सांगून ठेवलंय. अगदी न चुकता. उघड आहे, रस्त्यावर माझी नजर पाहिजे त्यांना.

९ जानेवारी. सकाळी ९.१०.
सापडली!
बाई. हिरवा कोट गुडघ्यापर्यंत, नाकापर्यंत मफलर, पांढरे बूट. कोपऱ्यावरच्या लाँड्रीकडून आली, समोरच्या फुटपाथवर थांबली, माझ्या खिडकीकडे पाहिलं, फोनवर अंगठ्याने काहीतरी टिपलं, गेली. एकूण अकरा सेकंद.
लोकांच्या पायऱ्यांवरून पार्सलं चोरीला जाताहेत, नाताळात चौदा गेली. हीच ती. घरं हेरून ठेवते.

१२ जानेवारी.
९.१०. तीच. तेच. पडद्याआडून पाहावं म्हटलं, तर पडदा वर करण्याचा हुकूम आहे. मग खुर्चीमागे लपलो. तिला मी दिसलो नाही, तर ती टाचा उंच करून पाहायला लागली. धाडस बघा. कंबर धरली म्हणून उठलो, तेव्हा कुठे गेली.

१६ जानेवारी, मंगळवार. रात्री ९.
चर्चच्या तळघरात ठाण्याची महिन्याची सभा. कॅप्टन ओकाफोरनी आकडे वाचले. घरफोड्या कमी, पार्सलचोऱ्या जास्त. मग रहिवाशांचे प्रश्न, म्हणजे पार्किंग. एक तास पार्किंग. माइक माझ्याकडे आला तेव्हा मी हिरव्या कोटावर बोलायला उभा राहिलो, तर माइकची बॅटरी गेली. तरी बोललो. मागच्या रांगेतून पावलिकोव्स्की ओरडला, अरे कीगन, मोठ्याने बोल नाहीतर खाली बस, बिस्किटं मऊ पडताहेत! हा माणूस माझ्या संशयितांच्या यादीत तिसरा आहे.
मातोसने बाजूला घेऊन सगळं ऐकलं. हिरवा कोट म्हटल्यावर तिला ठसका लागला. म्हणाली, मी बघते त्यांच्याकडे, तुम्ही मात्र पडदा वर करत राहा.
‘त्यांच्याकडे’ म्हणाली. म्हणजे टोळी आहे.

२८ जानेवारी, रविवार.
ब्रिजिटचा फिनिक्सहून फोन. बाबा, तुम्ही इकडे येऊन राहा, तिकडे एकटे आहात. मी म्हटलं, एकटा? मला वेळ कुठे आहे? पोलीस माझ्यावर विसंबून आहेत. ती म्हणाली, नोव्हेंबरात काय झालं होतं ते विसरलात का?
नोव्हेंबरात काहीही झालं नव्हतं. बाथरूममध्ये पाय सरकला आणि मी जमिनीवर थोडा वेळ विश्रांती घेतली. टपालवाल्याने दोन दिवसांची पत्रं दारात पाहिली आणि उगाच बाऊ केला. फरशी गार होती, एवढीच माझी तक्रार.
फोन चार मिनिटं चालला. मागच्या रविवारी सहा.

३० जानेवारी.
गस्तमंडळ स्थापन करतोय. चिठ्ठ्या छापल्या, एकेचाळीस दारांखाली सरकवल्या. शनिवारी ३ वाजता, माझ्या घरी. सोडा ब्रेड मीच भाजणार. नोरीनच्या वहीत पाचव्या पानावर आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.
खुर्च्या अकरा मांडल्या. बाकीचे उभे राहतील असा अंदाज.
३.००. कोणी नाही. लोक उशिरा येतात.
३.२०. बेल. पिझ्झावाला. पत्ता चुकला होता. त्याला गस्तीचं महत्त्व सांगितलं. म्हणाला, काका, पिझ्झा गार होतोय हो.
३.४५. मातोस आली. साध्या कपड्यांत, सुट्टीच्या दिवशी. ब्रेडचे तीन तुकडे खाल्ले, बेकिंग सोडा दुप्पट पडला असूनही. मी सभा रीतसर चालवली. ठराव एकमताने मंजूर. अध्यक्ष मी.
ती गेल्यावर अकरा खुर्च्या परत ठेवायला बराच वेळ लागला. दोन तशाच राहू दिल्यात. पाठ दुखते म्हणून.

१४ फेब्रुवारी. सकाळी ११.
दुर्बीण मागवली होती, आज यायची होती. पार्सल पायरीवर ठेवून चोराला रंगेहाथ पकडायचं असा बेत. ९ पासून डोळ्यांत तेल घालून बसलो. ९.०५ ला जरा डोळा लागला. ९.१० ला उघडला तर हिरवा कोट माझ्या पायरीवर! पार्सल काखोटीला मारलं, वर खिडकीकडे पाहून चक्क हात हलवला, आणि चालती झाली.
शिट्टी वाजवली. शिट्टीत मणी नव्हता.
ठाण्याला चार फोन केले. चौथ्यांदा ड्यूटीवरचा माणूस म्हणाला, मिस्टर कीगन, आवाज खणखणीत आहे आज, छान वाटलं. माझ्या आवाजाची चौकशी कोणी सांगितली होती?

१५ फेब्रुवारी, गुरुवार.
मातोस पार्सल घेऊन आली. न उघडलेलं. पाऊस येणार होता, पायरीवर भिजलं असतं किंवा गेलं असतं, म्हणून कोणीतरी लाँड्रीत सांभाळून ठेवलं होतं म्हणे.
ठेवलं होतं म्हणे! माझ्या चार फोनांनी चोर घाबरला, दुसरं काय. अटक का नाही केली विचारलं तर मातोस भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिली. हा कशासाठी, म्हणाली. मी सांगितलं. मग म्हणाली, कीगनसाहेब, त्या पाटीचं फार मनावर घेऊ नका हो.
नावं गुप्त ठेवावी लागतात त्यांना. समजून घेतलं.

७ मार्च.
मातोस रजेवर. तिच्या जागी कोणी नाही आलं. गुरुवार फार लांब असतो हे लक्षात आलं नव्हतं.
हिरवा कोट मात्र ९.१०. रविवारी नाही, सणाला नाही, थंडीत नाही, कधीच खाडा नाही. गुन्हेगार असली तरी शिस्त मानावी लागेल. आज बर्फ होता, तिला दोन मिनिटं उशीर झाला. मी घड्याळ दोनदा तपासलं.

१७ मार्च, रविवार.
सगळा मोहल्ला आम्हा आयरिश लोकांच्या सणाच्या परेडला. माझ्या हिरव्या टायला इस्त्री केली, घातली, काढली. ती मंगळवारी लागेल. भाषण आरशासमोर चार वेळा म्हटलं. नोरीनचा उल्लेख येतो तिथे अडखळतो. तो भाग गाळला. मग परत घातला.
ब्रिजिटचा फोन, तीन मिनिटं.

१९ मार्च, मंगळवार. रात्री ९.३०.
जे झालं ते क्रमाने लिहितो.
तळघर भरलेलं. मी पहिल्या रांगेत, कडेला, म्हणजे उठायला सोपं. पाटी टेबलावर, रुमालाखाली. कॅप्टन ओकाफोर म्हणाले, नुसत्या पोलिसांनी रस्ता सुरक्षित होत नाही, रस्त्याला शेजारी लागतात. या वर्षीच्या मानकऱ्याने अख्ख्या हिवाळ्यात एक सकाळ चुकवलेली नाही. बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी नजर ठेवायची म्हणजे ठेवायची.
मी उठलो. कोटाचं बटण लावलं.
कॅप्टन पुढे म्हणाले, नोव्हेंबरात आपले एक ज्येष्ठ रहिवासी घरात पडले आणि बावीस तास कोणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून एकट्या राहणाऱ्यांची यादी ठाण्याने केली. पडदा वर दिसला की सगळं ठीक, खाली दिसला की आम्हाला फोन. ही कल्पना ज्यांची, आणि रात्रभर हॉस्पिटलात ड्यूटी करून झोपायच्या आधी ज्या सहा खिडक्या पाहून जातात, त्या नर्स लूझ अबालोस.
मागून हिरवा कोट उठला.
मी उभाच होतो. उभ्या माणसाला कुठेतरी जावं लागतं, म्हणून कॉफीकडे गेलो. कॉफी संपली होती. रिकामा कप घेऊन प्यायलो. सगळे टाळ्या वाजवत होते. कप हातात असल्यामुळे मला वाजवता आल्या नाहीत.
पावलिकोव्स्की शेजारी येऊन उभा राहिला. नेहमीसारखा ओरडला नाही. हळूच म्हणाला, त्या यादीत मीपण आहे रे. पाचवी खिडकी.
गस्तमंडळ होतंच तर. एका बाईचं, आणि मी त्यातला माल.

१९ मार्च. रात्री ११.
ठराव. उद्या पडदा वर जाणार नाही. मी कोणाच्या यादीतला म्हातारा नाही. कळू दे त्यांना. अध्यक्ष मी.

२० मार्च, बुधवार.
९.००. पडदा खाली. मी जिन्यात, दाराच्या फटीशी.
९.१०. आली. थांबली. अकरा सेकंद. वीस. चाळीस.
९.११. रस्ता ओलांडून धावली. गाडीवाल्याने शिवी घातली, हिने वळूनही पाहिलं नाही.
बेल. दारावर मूठ. लोलो, लोलो, दार उघडा! लोलो म्हणजे त्यांच्या फिलिपिनो भाषेत आजोबा. मी हिचा आजोबा नाही असं सुनावायचं म्हणून दार उघडलं. तिच्या हातात फोन, नंबर लावलेला. मला उभा पाहून ती पायरीवरच मटकन बसली. म्हणाली, काय हो हे, जीव गेला ना माझा!
मी म्हटलं, पडद्याची दोरी अडकली.
ती आत आली. एका बोटाने दोरी ओढली. पडदा सरसर वर गेला. एकतीस वर्षांचा लिफ्ट तपासनीस शेजारी उभा. तिने मफलर काढला तेव्हा कळलं, चाळिशीची असेल, डोळे झोपेने लाल. खिळ्याकडे पाहिलं, त्याखालच्या दोन खुर्च्यांकडे पाहिलं.
चहा विचारला. म्हणाली, आज नको लोलो, अजून दोन खिडक्या राहिल्यात, आणि उभ्या उभ्या झोप येतेय. पुन्हा कधीतरी.
गेली. ९.१९. म्हणजे आठ मिनिटं. ब्रिजिटच्या दुपटीहून जास्त.
खिडक्या सहा आहेत. माझी शेवटी ठेवायला सांगितलं तर तिला घाई राहणार नाही. मातोसशी बोलणे.
दोरी मात्र भरवशाची नाही. उद्याही अडकण्याची शक्यता आहे.
दोन कप घासून ठेवणे.