परक्या अंगणातलं डाळिंब

आप्पा, मागच्या वर्षी उन्हाळ्यात मी समुद्राकाठच्या एका गावात जाऊन राहून आलो. गाव स्पेनमध्ये आहे. तुम्हाला स्पेन कुठं ते सांगायचं तर मला अंगणात नकाशा काढावा लागेल, आणि तुम्ही तो बघायच्या आधी विचाराल, तिकडं पाऊस किती पडतो. कमी पडतो. आपल्याएवढाच, आणि तोही थंडीत. तुमची नात तिथं एका कंपनीत नोकरी करते. तुम्ही गेलात तेव्हा ती पहिलीत होती. तुम्ही तिला खांद्यावर घेऊन बागेतून फिरवायचात ते तिला अजून आठवतं. मला तुम्ही खांद्यावर घेतल्याचं काही आठवत नाही, पण मी थोरला, आणि तेव्हा तुमच्या खांद्यावर घोंगडं आणि कोकरू असायचं, तिसऱ्याला जागा नव्हती.

समुद्र मी आधी एकदाच पाहिला होता, पाटबंधारे खात्यात असताना सहलीला अलिबागला. तो सारखा ये-जा करायचा. हा जागचा हलत नाही. सकाळी पाणी जिथं, संध्याकाळी जवळपास तिथंच. भल्या सकाळी म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, पाण्याच्या कडेला मांडतात आणि घरी जाऊन नाश्ता करून सावकाश परत येतात. आपल्याकडं एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तोच प्रकार. दुपारी सगळं गाव खिडक्या लावून झोपतं. मी आणि तुमची सून मात्र न झोपता बाकावर बसून एवढं पाणी बघत राहायचो, ज्यातलं तांब्याभरही झाडाला चालत नाही. गावामागं बोडके डोंगर, फड्या निवडुंग, मधून एखादा शेरडांचा कळप. सून म्हणाली, "हे तर आपलं सांगोलाच हाय की. नुसतं म्होरं पाणी आणून ठिवलंय."

लेक वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. खाली घरमालकीण, पंचाहत्तरीची बाई, एकटी. सुनेनं पहिल्या दिवसापासून तिला मावशी म्हणायला सुरुवात केली आणि तीही ओ द्यायला लागली. त्या दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत तासभर बोलत आणि दोघींचं समाधान होई. तर या मावशींच्या मागच्या अंगणात एक डाळिंबाचं झाड होतं. आप्पा, ते झाड बघून मला हसू आलं. माजलं होतं नुसतं. बुडातून फुटवे, डोक्यावर रान, पान इतकं गर्द की आत हात घातला तर दिसेना, आणि एवढ्या झाडावर एक कळी नाही. मावशी रोज संध्याकाळी झारीनं त्याला पाणी घालायच्या, मग तिथंच खुर्ची टाकून बसायच्या. लेकीनं सांगितलं की झाड त्यांच्या नवऱ्यानं लावलेलं आहे. तो जाऊन तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून झाडानं फळ धरलेलं नाही. "त्या म्हणतात, झाडालाही दुःख झालंय."

दुःख कसलं, पाणी झालं होतं. हे मला दिसत होतं, कारण मी तुमचा मुलगा आहे. मी तिसरीत असताना तुम्ही मेंढरं विकून माळावर डाळिंब लावलंत, त्यामुळं माझं सगळं लहानपण बहाराच्या हिशेबानं गेलं. बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडायचं. महिना-सव्वा महिना झाडाला थेंब द्यायचा नाही, पान पिवळं होऊन गळेपर्यंत. विहिरीत पाणी असताना द्यायचं नाही. आई भाकरी घेऊन बांधावर यायची, सुकलेल्या रांगा बघून पदर तोंडाला लावायची आणि म्हणायची, "आवं, एक पाळी तरी द्या की, जीव हाय त्येला." तुम्ही भाकरी मोडत शांतपणे म्हणायचा, "सुखात ठिवलं की नुसतं पानावर जातंय ते. आता मुळी खाली जाईल. मग बघ." आणि खरंच, हा पाण्याचा ताण तोडला, हलकं पाणी दिलं की पंधरा दिवसांत लाल पालवी, आणि मग बाग कळ्यांनी भरून जायची. तुमचं चुकलेलं मी बघितलेलं नाही. पुढं तेल्या रोगानं बाग गेली, पाठोपाठ तुम्ही गेलात, पण तो रोग होता, तो तुमचा दोष नव्हता.

जूनच्या सुरुवातीला मावशी डोंगरातल्या गावी बहिणीकडं राहायला निघाल्या. झारी माझ्या हातात दिली, झाडाकडं बोट दाखवलं, मग सूर्य मावळल्याची खूण केली. मी मान हलवली. मी काय करणार हे माझं तेव्हाच ठरलं होतं. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "दुसऱ्याच्या दारातलं झाड हाय. आदी इचारून तरी बघा." मी म्हटलं, विचारायचं कोणत्या भाषेत? आणि खरं कारण वेगळं होतं. मला त्या बाईला चकित करायचं होतं. परत येईल तेव्हा झाड कळ्यांवर असेल, नसलं तर निदान तयारीत असेल, आणि सोलापूरचा माणूस काय करून गेला हे गल्लीत कळेल. साठीला आलेल्या माणसाला एवढी हौस असायला हरकत नाही. मी झारी धुऊन उपडी ठेवली.

झाडानं तिथंही तुमचं ऐकलं. पान आधी मलूल झालं, मग पिवळं, मग रोज सकाळी फरशीवर सडा. मी तो झाडून काढत होतो आणि मला बरं वाटत होतं. लेक सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. एकदा तिनं खिडकीतून बघून विचारलं, "पप्पा, झाड ठीक आहे ना?" मी म्हटलं, असंच असतं. तिचा आपल्यावर विश्वास आहे, शेतकऱ्याच्या घरातली ना आपण. माझा अंदाज एकाच बाबतीत चुकला. मावशी ऑगस्टात येतील असं मी धरून चाललो होतो. त्या गावात जुलैमध्ये एक उत्सव असतो. दर्याच्या देवीला नावेत बसवून समुद्रात फिरवून आणतात, मागं सगळ्या होड्या. त्यासाठी त्या मधेच परत येणार होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

त्या आल्या तेव्हा संध्याकाळ होती, आम्ही तिघं जिन्यात होतो. बॅग दारात सोडून त्या सरळ मागं गेल्या. आम्ही पोचलो तर झाडापुढं उभ्या. झाड म्हणजे काट्यांचा खराटा उरला होता. त्या ओरडल्या नाहीत. आपली नेहमीची खुर्ची पुढं ओढून बसल्या आणि फांदीवर हात ठेवून हळूहळू काहीतरी बोलत राहिल्या. मी पुढं झालो, नखानं साल खरवडून आतला हिरवा थर दाखवला, जिवंत आहे म्हणून. तर त्यांनी माझं मनगट धरून हात बाजूला केला. जोर बरा होता. मी लेकीला म्हटलं, त्यांना सांग, हे मी मुद्दाम केलंय, याला ताण म्हणतात, आता पाणी दिलं की फुटेल. लेक त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. मग ती त्यांच्याशी बराच वेळ बोलली, आणि मावशींनी माझ्याकडं बघून मान हलवली, म्हाताऱ्या माणसाकडं बघून हलवतात तशी. मी विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्ही विसरलात म्हणून सांगितलं."

आप्पा, मला राग आला. सगळा बहार माझ्या डोक्यात होता आणि मी विसराळू ठरलो होतो. वर गेल्यावर मी तिला म्हटलं, मी काय विसरलो? मी रोज बघत होतो त्या झाडाकडं. ती म्हणाली, "म्हणूनच सांगितलं नाही. विसरलात म्हटलं की माणूस माफ करतं. रोज बघत होतात आणि तरी दिलं नाहीत, हे त्यांना कसं सांगू?" मी म्हटलं, भल्यासाठी होतं. ती म्हणाली, "हो, मला माहितीय. मला चांगलंच माहितीय, पप्पा." सून ताट वाढत होती, ती थांबली. मग लेक जे बोलली ते मी होतं तसं लिहितो. "इथं आले तेव्हा पहिलं वर्षभर तुम्ही मला एकदाही फोन केला नाहीत. मी केला की आईकडं द्यायचात. मला वाटायचं, मी आले म्हणून तुम्ही रागावलाय. दर रविवारी फोन उशाला घेऊन पडून राहायचे मी. नंतर आईनं सांगितलं, तुझ्या पप्पांचं म्हणणं आहे, तिला तिथं रुजू दे, सारखी घरची ओल नको."

तसं मी म्हणालो होतो. कुठून शिकलो ते तुम्हाला ठाऊक आहे. पाचवीत तुम्ही मला अकलूजच्या बोर्डिंगात सोडलंत. पत्र्याची ट्रंक, आईनं दिलेल्या दशम्या, आणि फाटकाशी उभं राहून तुम्ही म्हणालात, "दिवाळीपतूर कुणी येणार न्हाय. रडायचं न्हाय." इतर पोरांचे बाप रविवारी यायचे, केळी आणायचे. तुम्ही दिवाळीलाच आलात. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलंत, दंड दाबलात आणि बरोबरच्या माणसाला म्हणालात, "हाडात भरलंय." बाकी निम्मी पोरं तोवर रडून घरी गेली होती. मी टिकलो, शिकलो, सरकारी नोकरीला लागलो. ही गोष्ट मी लेकीला शंभरदा सांगितली असेल, कायम अभिमानानं, आणि दर वेळी शेवटी म्हणायचो, बघ, माझी मुळी खोल गेली. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "मला ती गोष्ट कधीच आवडली नाही, पप्पा. मला त्यातल्या मुलाची दया यायची." मी जेवलो नाही. सून म्हणाली, "जेवा, आमटी निवायली," पण जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी ताण तोडला. मावशी भरली झारी घेऊन आल्या, एका दमात ओतायच्या बेतात होत्या. मी हात जोडून अर्धीच, अर्धीच असं दाखवत राहिलो आणि त्यांनी ऐकलं, बहुतेक मला वेड लागलंय असं समजून. आम्ही निघायच्या आधी फांद्यांवर लाल पालवी फुटली. मावशींनी आधी सुनेला हाक मारली, मला नाही. निरोपाच्या वेळी सुनेला मिठी मारली, खारवलेल्या ऑलिव्हची बरणी दिली. माझ्याशी त्यांनी हात मिळवला आणि लेकीला काहीतरी सांगितलं. ते तिनं विमानतळावर पोचल्यावर सांगितलं, "त्या म्हणाल्या, आठवण राहात नसेल तर डॉक्टरांना दाखवा." बरणीतली फळं मी इथं आल्यावर चाखली. कडू लागली. सून रोज दोन खाते, मावशीची म्हणून.

यंदा त्या झाडानं फळ धरलं. फार नाही, चार-दोनच, पण टपोरी. लेकीनं फोटो पाठवला. मावशी सगळ्या गल्लीला सांगतायत की नवऱ्यानं अखेर ऐकलं. लेक म्हणाली, आता खरं सांगू का त्यांना? मी म्हटलं, राहू दे. मोठेपणानं म्हटलं, पण मला वाईट वाटलं. खरं सांगतो, दोन दिवस वाटत होतं. आणि ते ताणानं आलं की आपोआप, हेही कोण सांगणार? तुम्ही असता तर पान बघून सांगितलं असतंत.

आता मी लेकीला रोज फोन करतो. इथं आज नळाला पाणी आलं, इथं ऊन फार आहे, तुमच्याकडं काय, असलं काहीतरी. ती म्हणते, "पप्पा, रोज काय बोलायचं?" तिचंही बरोबर आहे, मला सुचत नाही. मग दोघंही थोडा वेळ नुसते फोन धरून असतो, आणि ती आधी ठेवत नाही.

हे कागद कपाटात ठेवीन, दुसरीकडं टाकणार कुठं? तुमच्यावर राग नाही. तुम्ही बहाराचं बघितलंत आणि बहार आला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुम्ही माझा दंड दाबून जे समजलात, आणि मी पन्नास वर्षं जे सगळ्यांना सांगत आलो, ते तसं नव्हतं. बोर्डिंगात माझी मुळी कुठं खोल गेली नव्हती, आप्पा. मी रोज फाटकापाशी जाऊन उभा राहात होतो. तुम्ही येणार नाही म्हणाला होतात, तरी राहात होतो.