बांधातली खांड

१२ जुलै

खांड पुन्हा बुजलेली. परवा सगळ्यांनी मिळून बांध फोडला, हातभर रुंद वाट केली, माझ्या तळहातांना फोड आले. आज सकाळी पाहते तर बांध जसाच्या तसा! बंद पडलेल्या मिठागरात दोन वर्षं कांदळाची रोपं लावली, दोन्ही वर्षं मेली. आत पाणीच खेळत नाही. म्हणून गावच्या कांदळवन समितीच्या ताई म्हणाल्या, लावालावी पुरे. समुद्राला वाट द्या, भरतीबरोबर बिया आपसूक येतील. येत्या उधाणाला आल्या नाहीत तर हेही वर्ष गेलं. मग समिती टिकेल असं वाटत नाही.

कोण बुजवतंय?

१३ जुलै

बैठकीत ताईंनी विचारलं, "तुला कोणाचा संशय?" आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, म्हणून माझं बोलणं लोक जरा जास्तच खरं मानतात. मी म्हटलं, गवळीकाका असतील. मिठागरातल्या गवतावर त्यांच्या म्हशी चरतात. मी 'असतील' म्हटलं होतं. दाराबाहेर पडेपर्यंत त्याचं 'आहेत' झालं. हे खोटं बोलणं झालं का?

१५ जुलै

पुन्हा पाडली, पुन्हा बुजली. गवळीकाका रस्त्यात भेटले. "पोरी, फावडं मी धरलं की म्हशीनं?" हसत म्हणाले, पण आज आमच्या दारात दूध आलं नाही. आई म्हणाली, "एवढी शिकलीस, तोंड आवरायचं तेवढं राहिलं."



१६ जुलै

आज वाकून नीट पाहिलं. गवतासकट काढलेली ढेपळं, मुळं वर करून रचलेली. टाचेने दाबलेली. वरून ओल्या तळव्याने फिरवलेला एकच लांब हात. हा हात मला ठाऊक आहे. आमच्या ओट्यावरही तोच आहे.

मिठागर चालू होतं तेव्हा बांध राखायचं काम बाबांचं. बांध फोडतोय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. त्यांच्या तोंडावर कोण सांगणार?

"गळत होतं. बुजवलं," म्हणाले.

"बाबा, ते आम्हीच पाडलंय."

"बांध कोण पाडतं?" — जणू मी राहत्या घराचं छप्पर विकून आले होते. पण सगळं शांतपणे ऐकलं. "बरं. नाही बुजवणार."

१७ जुलै

बुजवली!

म्हणतात, नुसता बघायला गेलो होतो. पाणी आत शिरताना दिसलं, पुढचं भान राहिलं नाही. भान राहत नाही म्हणजे काय? माणूस हातात फावडं घेऊन भान विसरतो? आई त्यांचीच बाजू घेते. "तू पाळण्यात रडायचीस तेव्हा हे आधी बांधाकडे पळायचे."

रागाने फावडं माळ्यावर लपवलं. मग वाटलं, बापाचं फावडं लपवणारी मी कोण? पण खाली काढलं नाही. गवळीकाकांची माफी मागायची तर बाबांचं नाव घ्यावं लागेल. न मागावी तर —

१८ जुलै

मागितली. नावही सांगितलं. काका म्हणाले, "ठाऊक होतं मला." मग बोलला का नाहीत? "तुझा बाप ना तो."

मला काही कळेनासं झालंय. कोण कोणाला सांभाळून घेतंय, आणि मी शिकून नेमकं काय शिकले?

२० जुलै

उद्या उधाण. खांड मोकळी केली. ताई दुसऱ्या कोणाला राखणीला बसवत होत्या, मीच हट्ट धरला. आमच्या घरातून झालेली चूक, आमच्याच घरातून निस्तरावी. बाबांनी घराबाहेर न पडण्याचा शब्द दिलाय.

२१ जुलै

बाबा घरातून हलले नाहीत. भरती चढू लागली आणि खरंच कांदळाच्या शेंगा आल्या, हिरव्या, लांबट, उभ्याच तरंगत. मग पाणी घोगऱ्या आवाजात खांडीतून आत शिरलं. भानावर आले तेव्हा मी गुडघाभर चिखलात होते, हात कोपरापर्यंत माखलेले, शेंगा बाहेरच हेलकावे खात होत्या, आणि खांड बुजलेली होती. वरून ओल्या तळव्याचा एकच लांब हात.